तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी सीडी कशाला हवी?

"मॅडम, तपासणी आजची आहे ना? मग आधीच्या स्कॅनची जुनी सीडी कशाला?" मिरजेत मी एमआरआयची टेक्निशियन आहे. घरातल्या कुणाला विसरायला होतंय म्हणून घेऊन आलेली माणसं हे हमखास विचारतात.

रिपोर्टात 'मेंदू आकसला आहे' असं वाचलं की घर हादरतं. पण आकसला म्हणजे कशापेक्षा? कुणाचं डोकं मुळातच लहान, कुणाचं मोठं. वयाबरोबर मेंदू सगळ्यांचाच थोडा आटतो. डॉक्टर आकसण्याला नजरेने 0 (अजिबात नाही) ते 4 (खूप) अशी श्रेणी देतात, त्यातही पंचाहत्तरीपुढे 2 आली तर ती बहुधा वयाचीच धरतात. खरा फरक कळतो तो त्याच माणसाच्या जुन्या स्कॅनशी ताडून पाहिल्यावर.

आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस एका बाजूला जेमतेम 3 घन सेंटीमीटरचा. स्कॅनमध्ये त्याचे एकेक मिलिमीटरचे ठोकळे पडतात, म्हणजे साधारण 3000. अल्झायमरमध्ये तो वर्षाला 4-5 टक्क्यांनी घटतो, निरोगी म्हातारपणात दीडेक टक्क्याने. दोन्हींतला फरक शंभरेक ठोकळ्यांचा! आजोबांनी मान जराशी वळवली की कडा पुसट होतात आणि तेवढे ठोकळे तिथेच हरवतात. मशीन बदललं तरी माप बदलतं. दिवसभर पाणी न पिता आलेल्याचा मेंदूही किंचित लहानच भरतो. म्हणून मी डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज घट्ट बसवते आणि हे माप घेतानाच्या पाच मिनिटांसाठी "आता अजिबात हलायचं नाही हं" असं तीन-तीनदा सांगते.

सांगलीच्या गावभागातले एक काका काकूंना घेऊन आले होते. जुना रिपोर्ट लॅमिनेट करून जपलेला. त्यात 'वयानुरूप आकुंचन' एवढंच, आकडा नाही. सीडी लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होती, ती 2019 च्या महापुरात गेली. फिल्म वरच्या खणात असल्याने वाचली होती, पण फिल्मवर निवडक चित्रंच असतात, त्यावरून ठोकळे मोजता येत नाहीत. काकूंचं चार वर्षांत काय बदललं, ते सांगता येईना. मला फार वाईट वाटलं.

आता हेच पहिलं माप धरायचं, डॉक्टर सांगतील तेव्हा याच मशीनवर पुन्हा यायचं, असं मी सांगितलं. काकांनी सीडी रुमालात गुंडाळली. "या वेळी माळ्यावर ठेवतो," म्हणाले.

ठेवा की, पण आधी मुलाच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, काका.