मेलेला पक्षी नेमका कुणाचा?

गेल्या डिसेंबरात पवई तलावावर सकाळी चालायला गेले होते. काठावर एक वंचक (छोटा तपकिरी बगळा) बसलेला दिसला, म्हणजे मला तरी बसलेला वाटला, जवळ गेले तर मान पार लुळी पडलेली, चोच पाण्याला टेकलेली आणि डोळ्यावर ती पांढुरकी पापणी अर्धी ओढलेली. पंख उचलायला बघत होता पण जीवच नव्हता अंगात. थोडं पुढे जलपर्णीत अजून दोन, ते मेलेलेच.

तिथूनच एकेका सरकारी खात्याला फोन लावायला सुरुवात केली. एकाने सांगितलं तलाव आमचा पण पक्षी आमच्याकडे येत नाहीत हो ताई, दुसरा म्हणाला आधी तलाववाल्यांना कळवा, तिसऱ्याने विचारलं कोंबड्या आहेत का, नाही म्हटल्यावर लेखी अर्ज द्या म्हणाला. दुपारपर्यंत तो पहिला वंचकही गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणूस आला तोवर एक कुत्र्यांनी ओढून नेला होता आणि बाकीचे दोन फुगून वास मारत होते, सॅम्पल घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला अजून त्याचा राग येतो.

राग यासाठी की मान लुळी पडणं हे बोट्युलिझमचं, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने होणाऱ्या लकव्याचं लक्षण असू शकतं, आणि त्यात प्रत्येक दिवस महाग पडतो. तलावाच्या गाळात त्या जिवाणूचे बीजाणू पडूनच असतात, ऊन वाढलं, पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की ते विष तयार करायला लागतात. एक पक्षी मरतो, त्याच्यात अळ्या पडतात, अळ्यांना काही होत नाही पण विष त्यांच्यात साठतं, त्या अळ्या दुसरा पक्षी खातो की तोही जातो. म्हणून मेलेले पक्षी पटापट उचलून पुरणं किंवा जाळणं हाच खरा उपाय. राजस्थानात सांभरला 2019 च्या नोव्हेंबरमध्ये हेच झालं, ते खाऱ्या पाण्याचं सरोवर पण विषाचं चक्र हेच, आणि सरोवर तेव्हा जयपूर, नागौर, अजमेर अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. 18,000 च्या आसपास पक्षी गेले. भोपाळच्या लॅबने बर्ड फ्लू नाही म्हणून सांगितलं, मग बरेलीच्या संस्थेने बोट्युलिझम असल्याचं सांगितलं, आणि तोपर्यंत पक्षी मरतच होते.

बर्ड फ्लूचं गणित अजून वेगळं, कारण तो पक्ष्याबरोबर उडत जातो. 2021 च्या जानेवारीत हिमाचलच्या पोंग धरणावर पट्टकदंब हंस हजारोंनी मेले आणि त्याच महिन्यात आपल्याकडे मुंबई आणि दापोलीचे कावळे, ठाण्याचे वंचक, परभणीच्या कोंबड्या यांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. आता पवईत बसणारा बगळा उद्या ठाण्याच्या तलावावर असतो, परवा वसईत, त्याला कुठली महापालिका आणि कुठला जिल्हा. फाइल मात्र जिल्ह्याच्या हद्दीवर थांबते.

मला एवढंच वाटतं की मुंबई, ठाणे, पालघर, रायगड मिळून एकच नंबर हवा आणि थंडीचे पक्षी यायच्या आधी, सप्टेंबरातच सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावं, सॅम्पल कोण घेणार, बर्फात घालून पुण्याच्या लॅबला कोण पोचवणार, खड्डा कोण खणणार, शेजारच्या जिल्ह्याला त्याच दिवशी कोण कळवणार. आत्ता वनविभागाचा 1926 आणि पशुसंवर्धनचा 1962, आकडे तेच, नुसते उलटसुलट, आणि तळ्याकाठी घाबरून उभ्या असलेल्या माणसाने त्यातला कुठला लावायचा? मी दोन्ही लावते, तुम्हीही लावा.

तोवर आम्ही पवई, ठाणे, ऐरोली, वसई अशा सगळीकडच्या चालायला जाणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलाय. फोटो, जागा, वेळ, किती मेले, किती आजारी, एवढंच टाकायचं, गुड मॉर्निंग नाही. आणि पक्ष्याला उघड्या हाताने अजिबात शिवायचं नाही, कुत्री हाकलत उभं राहायचं. परवा वसईहून मेसेज आला, एक पाणकावळा, मान लुळी, जिवंत आहे. या वेळी चाळीस मिनिटांत माणूस पोचला.