पॉप्लरच्या आडची चाळ

मागच्या उन्हाळ्यात आई बर्लिनला आली होती. कार्ल-मार्क्स-आलेच्या कडेला उभी राहून म्हणाली, "एवढा रुंद रस्ता कशाला? पालखी जाते का इथून?"

नव्वद मीटर रुंदी. पालखी नाही, पण पूर्व जर्मनी होता तोवर संचलनाचे रणगाडे जायचे.

युद्धात इथलं बहुतेक सगळं जमीनदोस्त झालं. २१ डिसेंबर १९४९ ला, स्टालिनच्या सत्तराव्या वाढदिवशी, रस्ता 'स्टालिनआले' झाला आणि कामगारांसाठी राजवाडे उभे राहू लागले. दर्शनी भिंतींना सिरॅमिकच्या फरशा, आत लिफ्ट आणि नळाला गरम पाणी. ढिगारे उपसायला फुकट राबणाऱ्यांना घरांच्या सोडतीचं तिकीट मिळे. म्हाडाची सोडत, पण आधी फावडं मारायचं, असं सांगितल्यावर आईला लगेच कळलं.

मग मे १९५३ मध्ये सरकारने कामाचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढवलं, पगार तोच. १६ जूनला याच रस्त्यावरच्या गवंड्यांनी काम टाकलं. दुसऱ्या दिवशी उठाव देशभर पसरला आणि सोव्हिएत रणगाडे बर्लिनच्या रस्त्यांवर उतरले. हे मात्र संचलन नव्हतं. पश्चिम बर्लिनने आठवड्याच्या आत आपल्या मोठ्या रस्त्याला '१७ जून' असं नाव देऊन टाकलं. चिमटा काढायची संधी कोण सोडतो?

इथे स्टालिनचा ४.८ मीटरचा ब्राँझचा पुतळाही होता. नोव्हेंबर १९६१ मध्ये तो रातोरात हलवला, नावाच्या पाट्याही बदलल्या. पुतळा वितळवला म्हणतात. त्याचा एक कान मात्र उरला. कॅफे सिबिलेमध्ये मी तो काचेआड पाहिलाय. कॉफी पिताना बाजूला स्टालिनचा कान! आवाज आपोआप खाली येतो.

आईचं मन मात्र भलत्याच ठिकाणी रमलं. राजवाड्यांच्या आधीची, १९४९-५० मधली दोन साधी घरं इथे आहेत. वास्तुविशारद हान्स शारूनच्या आराखड्यातली. प्रत्येक मजल्यावर लांबलचक सामाईक गॅलरी आणि तिच्यावर ओळीने उघडणारी दारं. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाला ती फारच साधी, पाश्चिमात्य वळणाची वाटली. पाडता येईनात, म्हणून समोर भराभर वाढणारे पॉप्लर लावून ती झाकली.

आई झाडांच्या फटीतून बराच वेळ बघत राहिली. "अगं, ही तर चाळ! लपवण्यासारखं काय आहे यात?"