पॅकेजमध्ये आलेली पीएसए

आमच्या तालुक्यात पीएसएची तपासणी (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर शोधायला करतात ती रक्ततपासणी) ज्यांची व्हायला पाहिजे त्यांची होत नाही, आणि ज्यांना तिची फारशी गरज नाही त्यांची पॅकेजमध्ये होऊन जाते. आर्वीत माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. शुगर, हिमोग्लोबिन, लघवी असल्या तपासण्या इथेच होतात. पीएसएचं मशीन परवडत नाही, म्हणून पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतो, सीरम वेगळं करतो आणि बर्फाच्या डब्यात संध्याकाळच्या गाडीने नागपूरला पाठवतो.

आमच्याकडे म्हातारी माणसं लघवीचा त्रास सांगतच नाहीत. शेतीची लाईट रात्रीची असते. मोटर चालू करायला उठायचं, मग पाणी पाहायला उठायचं. त्यात तीन-चारदा लघवीला उठलं तर कोणाला कळतं? एका आजोबांना मी विचारलं, रात्री किती वेळा जाता? म्हणाले, "जितक्या खेपा लाईट जाते तितक्या खेपा." यावर पुढे काय विचारणार! बायकोला माहीत असतं, पण ती लॅबमध्ये चारचौघांत बोलत नाही.

आता मोठ्या मामांचं सांगतो. वय ७८, अजून स्वतः डवरणी पाहायला जातात. पुण्याच्या दादाने त्यांच्यासाठी एका कंपनीचं 'फुल बॉडी' पॅकेज ऑनलाइन बुक केलं. पोरगा गाडीवर येऊन घरून रक्त घेऊन गेला. रिपोर्ट आला तो थेट दादाच्या मोबाइलवर. सत्तरएक ओळींमध्ये एक ओळ लाल होती, पीएसए ९.२. दादाने इंटरनेटवर वाचलं आणि रात्री अकराला मला फोन केला, "मामांना कॅन्सर आहे का रे?" स्वतःच्या बापाला तोही मामाच म्हणतो, लहानपणी आमचं ऐकून लागलेली सवय.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीतच तयार होणारं प्रथिन आहे. थोडंसं रक्तात उतरतं. कॅन्सरमध्ये वाढतं हे खरं, पण वयानुसार ग्रंथी मोठी झाली तरी वाढतं, लघवीत जंतू झाले तरी वाढतं, लघवीची नळी टाकली असेल तरी वाढतं. उलट काही जण प्रोस्टेट लहान करायची फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइडची गोळी घेतात, त्यांचा आकडा काही महिन्यांत जवळपास निम्मा होतो. त्यांचा ३ म्हणजे खरा ६ धरायचा. म्हणून गोळ्या कोणत्या चालू आहेत हे मी आधी विचारतो. मोबाइलवर पॅकेज विकणारा कोणाला विचारणार?

मामा वैतागले होते. "मले काई तरास नाई बाबू, मंग हे कायले निंगालं?" मी म्हटलं, मामा, मोंढ्यात सोयाबीनला मशीन लावते तेव्हा ओलावा जास्त आला म्हणजे दाणा सडका असते काय? आदल्या रात्री पाऊसही झाला असेल. हे त्यांना पटलं. लघवी तपासली तर पस सेल (पूच्या पेशी) भरलेले, म्हणजे जंतू झालेले. डॉक्टरांनी औषध दिलं, दीड-दोन महिने थांबून पुन्हा रक्त घ्यायला सांगितलं. आकडा ५.६ वर आला. सोनोग्राफीत ग्रंथी चांगलीच मोठी निघाली, म्हणजे उरलेला आकडा तिचाच असण्याची शक्यता जास्त. वर्ध्याच्या युरोलॉजिस्टनी बोटाने तपासलं (या तपासणीबद्दल मामा जे बोलले ते इथे लिहिता येत नाही), गाठ कडक लागली नाही. आकडा ४ च्या वर गेला की जास्त धरतात, पण ही रेघ सरळ सगळ्यांना लावत नाहीत. सत्तरीपुढे साडेसहापर्यंत चालवून घेणारे डॉक्टर आहेत.

तरी दादाचा आग्रह होता की एमआरआय करा, बायोप्सी करा, एकदाचा निकाल लागू द्या. डॉक्टरांनी मामांनाच विचारलं की आजोबा, सुया टाकून बारीकसा कॅन्सर सापडला, तर ऑपरेशन करून घ्याल काय? ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, धोतर ओलं होऊ शकतं, शेक (रेडिएशन) दिले तर शौचाचा त्रास होऊ शकतो. मामा म्हणाले, "या वयात? नाई." मग सुया टाकून करायचं काय, असं डॉक्टर म्हणाले आणि विषय तिथेच संपला. खरं तर हा प्रश्न रक्त काढायच्या आधीचा आहे.

हा कॅन्सर बहुतेक म्हाताऱ्यांमध्ये फार हळू वाढतो. ब्रिटनमध्ये ग्रंथीतच असलेल्या कॅन्सरच्या पेशंटांचे तीन गट केले होते. काहींचं ऑपरेशन केलं, काहींना शेक दिले, काहींवर नुसती नजर ठेवली. पंधरा वर्षांनी पाहिलं तर तिन्ही गटांत या कॅन्सरने शंभरातले तीनच्या आसपास गेले. कोणती तपासणी कोणी करावी याचा सल्ला देणाऱ्या अमेरिकेतल्या टास्क फोर्सने २०१८ मध्ये सांगितलं की ५५ ते ६९ वयाच्या माणसाने डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवावं, आणि सत्तरीनंतर त्रास नसताना ही तपासणी करू नये. आपल्या सरकारी तपासणीतही तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पाहतात, प्रोस्टेट त्यात नाही.

म्हणजे पीएसए बिनकामाची आहे असंही कोणी समजू नये. युरोपात आठ देशांत दीड लाखांवर पुरुषांचा अभ्यास झाला, त्याचा २३ वर्षांचा हिशेब २०२५ मध्ये आला. तपासणीला बोलावलेल्या ४५६ माणसांमागे एकाचा या कॅन्सरने होणारा मृत्यू टळला, आणि बारा जणांना जास्तीचं निदान मिळालं. त्या बारांतल्या कित्येकांना तो कॅन्सर जन्मात त्रास देणार नव्हता. एकाचा जीव वाचतो ही लहान गोष्ट नाही. पण हा अभ्यास ५५ ते ६९ वयाच्या माणसांचा होता. दादा ५५ चा आहे. त्याला म्हटलं, तुझी केली काय रे? तर म्हणतो, मला कुठे काय झालंय!

दुसरीकडे आमच्या गल्लीतले काका. वय ६६. वर्षभर कंबर दुखून राहिली होती. मालिश झाली, पट्टा झाला, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या. लघवीला जोर करावा लागतो हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. लघवीत रक्त दिसलं तेव्हा काकू हात धरून घेऊन आल्या. पीएसए ४०० च्या वर. अशा माणसाला "तपासायचं की नाही" हा विचार करत बसायचं नसतं. लघवीत रक्त, अडकलेली लघवी, म्हातारपणी नव्याने सुरू झालेली आणि रात्री झोपू न देणारी हाडदुखी, यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. पाय लुळे पडू लागले तर त्याच दिवशी. काकांना सेवाग्रामला नेलं. कॅन्सर मणक्यांत गेला होता. पुरुषी हार्मोन बंद करणारा उपचार सुरू झाला, दुखणं पुष्कळ कमी झालं, आता ओट्यावर बसून असतात. बरा होणार नाही, पण दबून राहील असं डॉक्टर म्हणतात.

काकांचा मोठा पोरगा ४६ चा. बापाला किंवा भावाला हा कॅन्सर असेल तर धोका साधारण दुप्पट धरतात, म्हणून अशांनी पंचेचाळिशीतच डॉक्टरशी बोलावं. काकांच्या डॉक्टरांनीही त्याला तेच सांगितलं होतं. तो म्हणाला, कापूस वेचून झाल्यावर येतो. मी त्याला बसवून मामांचं सगळं सांगितलं, आकडा जास्त आला तर पुढे काय काय करावं लागतं तेही सांगितलं, आणि विचारलं, करायची काय? थोडा वेळ रस्त्याकडे पाहत बसला, मग म्हणाला, "काढ आत्ताच, पुन्हा कोण येते." ०.९ आली. दोन वर्षांनी ये म्हटलं आहे, पण मलाच त्याला फोन करावा लागेल.