तेच ना!

"रिचा नाही, रुचा," ती हसत म्हणाली. "हां, तेच ना!" समोरून उत्तर आलं आणि मीटिंग पुढे सरकली.

ते 'तेच ना' काही डोक्यातून जात नाहीये. तेच कसं? नाव तिचं, मग ते तेच आहे की नाही हे ठरवणार कोण?

ऋ मराठीत 'रु'कडे झुकतो, हिंदीत 'रि'कडे. ज्ञ चंही तसंच. इकडे प्रद्न्या, तिकडे प्रग्या. मुळात ते जोडाक्षर ज् आणि ञ चं, म्हणजे काटेकोर बघायला गेलं तर दोघंही चूक! म्हणून व्याकरणाचा दाखला देत दुसऱ्याचं नाव 'सुधारायला' जाणाऱ्यांची मला गंमत वाटते. एखाद्या नीलमला आपला 'नि' ऱ्हस्वच आवडत असेल, तर तिच्यापुरतं तेच शुद्ध. लाल पेन चालवायला बाकीचे शब्द आहेत की भरपूर.

पहिल्यांदा चुकणं मी समजू शकते. पण सांगितल्यावरही? नंतर मीटिंगभर 'रिचा'च चालू होतं आणि तिने पुन्हा टोकलं नाही. चेहऱ्यावर फक्त 'जाऊ दे'.

तुमच्या नावाचं काय करतात लोक? आणि तुम्ही कितीदा दुरुस्त करता?