अजून झाली नाही?

पमाताईचा व्हॉइस मेसेज आला परवा. तसं काही वाईट बोलली नाही ती. म्हणाली, "काय गं, अजून झाली नाही का गोधडी? मशीनवर मारलीस तर दोन दिवसाचं काम." बस. पुढे सोनूचं, पाण्याच्या टाकीचं, नेहमीचं. मी "होईल गं" एवढं टाइप केलं आणि भांडी घासायला लागले, आणि घासता घासता डोळे भरून आले, कशाने ते मलाच कळेना.

तेव्हापासून डोक्यात तेवढंच फिरतंय. अजून झाली नाही. त्यातला तो "अजून" लागलाय कुठेतरी.

खरं तर मला याची सवय पाहिजे. इतकी वर्षं शिवतेय, "झालं का?" हे वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. मे महिना लागला की गणवेश, 15 जूनच्या आत सगळे पाहिजेत, पिनोफ्रॉकच्या घेराला आत मोठी दुमड ठेवायची म्हणजे पुढच्या वर्षी उसवून लांब करता येतो, आणि तेवढ्या दुमडीला वेळ जातो हे कुणाला दिसत नाही, दारात उभं राहून फक्त झालं का. लग्नसराईत ब्लाउज. दिवाळीत तर रात्री दीड वाजता सुद्धा फोन आलेत. फॉल-पिको म्हणजे तर सकाळी दिलेली साडी संध्याकाळी नेसायचीच असते लोकांना. मी कधी कुणाला उलटून बोलले नाही, पैसे पण वेळेवर मागितले नाहीत, यांच्या त्या सगळ्या काळात या मशीनवरच... जाऊ दे.

पण गोधडी ही पहिली गोष्ट होती जिला तारीख नव्हती. कुणाची ऑर्डर नाही, माप नाही, ट्रायल नाही. संक्रांतीच्या आधी आईच्या नऊवारी बाहेर काढल्या, धुतल्या, दोन दिवस गच्चीवर वाळवल्या. एक नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, तिच्या चार घड्या घातल्या की दोन-दोन मीटरचे चार थर होतात, एका माणसाच्या गोधडीचं पोट त्यातच भरतं. वरून दुसरी पसरायची, मग ठिगळं. आईची जांभळी इरकल मात्र परत कपाटात ठेवली. ती नाही कापणार. तर एवढं सगळं मी माझ्यासाठी, हळूहळू, जमेल तसं करत होते आणि एका वाक्याने ती पण ऑर्डर होऊन बसली.

हे लिहिताना वाटतंय की मी फार मनाला लावून घेतेय. पण लागलंय तर लागलंय.

काल दुपारी कुणी घरात नव्हतं तेव्हा गोधडी बाजूला ठेवली आणि मशीनच उघडली. आवाज बदललेला होता, जुन्या सुती साड्यांचं तूस फार सुटतं ना, नव्या कापडाचं एवढं नाही सुटत. सुई काढली, कापड दाबून धरणारा फूट काढला, सुईखालच्या पट्टीचे दोन स्क्रू काढले, पट्टी उचलली. कापड पुढे ओढणाऱ्या दात्यांच्या मधल्या खाचांमधे तूस दाबून दाबून अगदी वाळलेल्या सायीसारखं बसलेलं, सुईच्या टोकाने उचललं तर अख्खी वडी निघाली. आणि तिच्यात थर होते. खाली गडद निळा, तो गणवेशाचा. त्यावर मरून, ती त्या दुसऱ्या शाळेची ऑर्डर. मग कसलातरी पोपटी, ब्लाउजचा असणार, कुणाचा ते आठवेना. आणि सगळ्यात वर पांढरट, किंचित गुलाबी झाक असलेलं तूस, आईच्या साड्यांचं. मी ते तळहातावर घेऊन किती वेळ बसले काय माहीत. ती निळी पट्टी म्हणजे अख्खा मे महिना, रात्रीचा, घामाचा, आणि मी तो घाईघाईत असा शिवून काढलेला की त्यातला एक कपडा आठवत नाही. वरचा पांढरा थर मात्र सगळा आठवतोय. कुठलं ठिगळ कधी जोडलं, तेव्हा बाहेर काय आवाज होते, सगळं.

मग कामाला लागले. बुरुशने दाते साफ केले, खालच्या दोऱ्याचं शटल काढलं, त्याच्या घरात दोऱ्याचा एक बारीक तुकडा अडकलेला होता, तोच खडखड करत होता. वरचा दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमधून सुती चिंधीची पट्टी फिरवली, फूट वर करून, कारण फूट खाली असला की चकत्या घट्ट मिटलेल्या असतात आणि घाण आतच राहते. खाली दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिनला बोल लावतात, पण निम्म्या वेळेला वरचा दोरा त्या चकत्यांत नीट बसलेला नसतो एवढंच असतं. मला हे ज्यांनी शिकवलं ते मेकॅनिक काका म्हणायचे, "वैनी, नुसतं तेल घालून जमत न्हाई, आधी घाण काढाय पायजे, मग तेल." घाणीवर तेल घातलं की तिचा चिखल होतो. आणि तेल म्हणजे मशीनचंच, पातळ, पांढरं. शेजारच्या मावशी अजून खोबरेल घालतात त्यांच्या मशीनला आणि थंडीत चाक फिरत नाही म्हणतात. कसं फिरेल, खोबरेल गोठतं, आणि नंतर चिकट होऊन आत बसतं ते वेगळंच.

एकेका भोकात एकेक थेंब. थेंब टाकायचा, चाक हाताने फिरवायचं, आतला दांडा वर-खाली होताना बघायचा, तेल आत ओढलं जातं ते दिसतं. मग दोरा न ओवता जुन्या कापडावर चालवायची, जास्तीचं तेल त्या कापडावर उतरेपर्यंत. हे मला खरंच फार आवडतं. ऑर्डरी असताना पण तेलपाणी करायचे मी, चुकवलं नाही कधी, पण तेव्हा एक डोळा घड्याळाकडे असायचा. काल नव्हता. काल मी ती वेलबुट्टी पण पुसली, काळ्या रंगावरची सोनेरी, उजवीकडची दोन फुलं गेलीत, जिथे कापड घासतं आणि माझं मनगट टेकतं तिथलीच.

आणि मग एक केलं. मोटर काढली. गणवेशाचं काम वाढलं तेव्हा बसवलेली ती, पाय ठेवला की भुर्रकन टीप. तिचा रबरी पट्टा उतरवला आणि चाकावर परत चामड्याचा पट्टा चढवला. तो ढिला झाला होता, काकांच्या मुलाला बोलावलं संध्याकाळी, त्याने टोकाला थोडा कापून हूक परत बसवून दिला. जाताना म्हणाला, काकू, उलटंच करताय तुम्ही, सगळे पायाची काढून मोटर लावतात. म्हटलं हो, गोधडीपुरतं.

पायडलवर एकेक टाका हातात राहतो. जिथे ठिगळाची शिवण शिवणीवर येते तिथे पाय थांबवून चाक हाताने फिरवता येतं, सुई वाकत नाही. टाका मोठा ठेवायचा, फुटाचा दाब वरच्या स्क्रूने जरा सैल करायचा. एवढं करून सुद्धा ताईचं ते "मशीनवर दोन दिवसाचं काम" खरं नाहीच. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात, फूट वरचं दाबून मागे धरतो, दोन पदर असतील तर ते चालून जातं, पण सात-आठ थर असले की वरचा सरकतो आणि मधे चुण्या पडतात. म्हणून ठिगळं एकमेकांना मशीनवर जोडायची आणि सगळे थर एकत्र धरायला हाताचा धावदोराच. कडेने सुरुवात करून आत आत यायचं, दर फेरीला डाव्या तळव्याने कापड सारखं करत. आजी तशीच करायची. शेवटच्या कोपऱ्यात चपातीचा एवढासा तुकडा ठेवून मग शिवून टाकायची, गोधडी उपाशी राहू नये म्हणून.

रात्री मोबाइलवर वाचत बसले होते. एलियास हाऊने 1845 मधे बोस्टनला त्याची मशीन पाच शिवणाऱ्या बायकांसमोर लावली, मिनिटाला अडीचशे टाके, आणि मशीन जिंकली. मला त्या पाच जणींचंच वाटत राहिलं. त्या घरी गेल्यावर काय बोलल्या असतील. आणि गांधीजींनी 1924 मधे म्हटलंय की यंत्रांच्या वेडाला माझा विरोध असला तरी शिवणयंत्र त्यात धरू नका, सिंगरने बायकोचे शिवण्याचे कष्ट बघून प्रेमापोटी ते बनवलं. हे वाचून बरं वाटलं आणि वाईट पण वाटलं. कष्ट कमी झाले ते खरंय, माझी बोटं, माझे डोळे, या मशीननेच वाचवले, घर पण तिनेच चालवलं, मी तिच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाही. पण वाचलेला वेळ माझ्याकडे कधी आला? तो गिऱ्हाइकाकडे गेला. टीप जेवढी लवकर बसायला लागली तेवढं लोकांचं "अजून?" पण लवकर यायला लागलं.

आता आजीला पण घाई असायचीच, हे मी विसरत नाहीये. शेतातली कामं नसायची तेव्हाच उन्हाळ्यात वाकळ, म्हणजे गोधडीच, शिवायला घ्यायच्या, पाऊस लागायच्या आत संपवायला लागायची, नंतर ना जागा ना ऊन. म्हणजे तारीख होती. मग फरक काय, हे मी आज सकाळपासून शोधतेय, चहा दोनदा उतू गेला. आणि मला वाटतं सापडलं. सोप्यात वाकळ अंथरलेली असायची, चारी बाजूंनी चौघी बसलेल्या, कुणी आलं की आधी सुईत दोरा ओवून घ्यायचं आणि मग बोलायचं. "अजून झाली न्हाई व्हय" म्हणणारीच्या हातात पण सुई असायची. विचारणारी चार टाके घालूनच उठायची. आणि ती वाकळ कधी पूर्ण झाली असं नसायचंच, विरली की तिच्यावर नवं लुगडं चढवायचं, जुनी आत पोटात जायची.

हे कळल्यावर राग उतरला जरा. पमाताईच्या हातात सुई देता येण्यासारखी नाही सध्या, तिचं ते ऑपरेशन, शिवाय घरचं सगळं. ती विचारते कारण तिला माझ्याशी दुसरं काय बोलायचं ते सुचत नाही. मलाही सुचत नाहीच की. आईनंतर आम्ही दोघी असंच, पाण्याची टाकी आणि सोनू.

आज दुपारी दोन फेऱ्या झाल्या धावदोऱ्याच्या. मशीनवर फक्त तीन ठिगळं जोडली, एक हिरवं काठाचं नीट बसलं नाही म्हणून उसवून परत घातलं, आणि उसवताना एकदाही जीव तुटला नाही. ऑर्डरच्या कपड्याचं उसवायला लागलं की माझं पोट दुखायचं अक्षरशः.

आणखी एक ठरवलंय. येत्या मे मधे गणवेशाचं काम निम्मंच घ्यायचं, एकाच शाळेचं. पैशाचा हिशोब मांडून बघितला, ओढाताण होईल पण जमेल असं दिसतंय, भिशी लागली तर नक्कीच. दुकानदाराला अजून सांगितलेलं नाही, तो फेब्रुवारीत कापडाचे तागे पाठवायला लागतो, त्याच्या आधी सांगायला हवं. यांना सांगितलं काल जेवताना. "बघ बाबा, तुझं तू ठरव" म्हणाले, आणि आमटी घेतली परत.