उलटे नट आणि डिकीतला टायर

ती गाडी दुकानात आली ती साध्या पंक्चरसाठी. हायवेला कोल्हापूरशेजारच्या उचगावजवळ टायरचं दुकान म्हटल्यावर पंक्चर रोजचंच. एका बाजूला शिरोली, दुसऱ्या बाजूला गोकुळ शिरगाव. फाउंड्र्या आणि मशीनशॉपमुळं या पट्ट्यात रस्त्यावर लेथचा बर म्हणजे लोखंडाचा कीस, सळीचे तुकडे, खिळे कायम सापडतात. उसाच्या सीझनला ट्रॉल्यांचे सुटलेले बोल्ट त्यात भर घालतात. तरी या गाडीचा विचार अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

बेळगावकडून आलेलं कुटुंब. गाडी चालवणारे काका साठीचे, शेजारी मुलगा, मागं बायका-पोरं. कागल सोडल्यावर मागच्या डाव्या चाकाची हवा गेली. एका धाब्यावरच्या पोरानं स्टेपनी चढवून दिली आणि पंक्चर टायर डिकीत टाकून ते इथवर आले. "मालक, स्ट्रिप मारा की लगेच, पुढं पुण्याला जायचंय," काका म्हणाले. स्ट्रिप म्हणजे टायर न उतरवता बाहेरून भोकात ठासायची रबराची पट्टी.

गाडी आत घेताना डाव्या बाजूनं टक, टक असा आवाज येत होता. मुलगा म्हणाला, डिकीत जॅक हलतोय. जॅक हलला तर खड्ड्यात वाजेल. हा आवाज चाकाच्या फेऱ्याबरोबर येत होता. खाली बसून बघितलं तर चारही नटांची निमुळती बाजू बाहेर, माझ्याकडं. सपाट बाजू आत, रिमवर टेकलेली.

बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. नटाचा निमुळता भाग रिमच्या भोकातल्या तशाच उतारात जाऊन बसतो, त्यानंच चाक मध्यावर येतं आणि पकड मिळते. नट उलटा लावला की सपाट तोंड भोकाच्या कडेवर नुसतं टेकतं. पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण चाक प्रत्येक फेऱ्याला केसभर सरकतं, त्या सरकण्यानं नट ढिला होतो आणि सगळा मार स्टडवर, म्हणजे नट बसतो त्या बोल्टवर, येतो. इथं दोन नट मी बोटांनी फिरवले. रिमची भोकं लांबट झालेली, कडा घासून चकचकीत. एका स्टडचे आटे अर्धे खाल्लेले. ताशी ऐंशीनं आणखी थोडं अंतर गेले असते तर चाक गाडीच्या पुढं पळालं असतं.

धाब्यावरच्या पोराला मी दोष देत नाही, त्यानं उन्हात मदत केली. राग आहे तो गाडी विकणाऱ्यांवर. डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो सगळं होतं; स्टेपनी कशी घालायची हे दहा मिनिटं कुणी दाखवत नाही. म्हणून त्या मुलाला रॅम्पवरच दाखवलं, तेच इथं लिहितो.

गाडी पक्क्या, सपाट जागी घ्यायची, त्यासाठी हळूहळू शंभर-दोनशे मीटर गेलात तरी चालेल. पार्किंग लाइट, त्रिकोण मागं लांब, माणसं डाव्या बाजूनं उतरवून रस्त्यापासून दूर. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो, त्यामुळं मागचं एक चाक उचललं की त्याचा निम्मा आधार गेला. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि कोपऱ्यातल्या समोरच्या, म्हणजे इथं पुढच्या उजव्या चाकाला, पुढून-मागून दगड लावायचे. नट चाक जमिनीवर असतानाच पाव फेरा ढिले करायचे; हवेत गेल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरते. जॅक दाराखालच्या पट्टीवर जिथं दोन खाचा आहेत तिथंच, आणि माती मऊ असेल तर खाली फळी. चाक काढलं की ते आडवं करून गाडीखाली सरकवायचं, जॅक घसरला तरी गाडी टायरवर बसते, माणसावर बसत नाही. स्टेपनी घालताना नटांची निमुळती बाजू आत. आधी हातानं सगळे बसवायचे, मग समोरासमोरचे आवळायचे आणि शेवटचा जोर गाडी खाली घेतल्यावर. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा पाना लावायचा.

आता डिकीतला टायर. १८५/६५ आर १५, बाजूवर १४१८ म्हणजे २०१८ सालचा चौदावा आठवडा. खिळा मधोमध, पाच मिलीमीटरचा. खिळा सहा मिलीमीटरच्या आत आणि टायरच्या मधल्या भागात असेल तर आतून मशरूम पॅच (छत्रीसारखा, देठ भोकात जाणारा) मारून टायर वाचतो. बाहेरून बघणारा कुणीही शंभर-दीडशेत स्ट्रिप मारून दिला असता. आमच्या धंद्यातली ही सवय मला पटत नाही. रिमवरून टायर उतरवल्याशिवाय आतलं दिसत नाही, आणि उतरवायचे कष्ट कुणाला नको असतात.

टायर उतरवला. आतून चहापत्तीसारखी काळी पूड मूठभर निघाली. बाजूच्या भिंतीवर आतून गोल पट्टा घासलेला, रबर निघून खालचे धागे उघडे. हवा गेलेल्या टायरवर गाडी तशीच दोन-तीन किलोमीटर पळवली होती. त्यात साईडवॉल रिम आणि रस्त्याच्या मध्ये दुमडत राहते, तापते, रबर धाग्यांपासून सुटतं. हवा भरली की टायर बाहेरून नव्यासारखा दिसतो. मग कधीतरी भरल्या गाडीत, तापल्या रस्त्यावर बाजू फुगते आणि फाटते. साईडवॉलला कुठलाही पॅच चालत नाही.

काकांना पटायला वेळ लागला. "अहो, पंक्चरच आहे की!" मुलानं आत बोट फिरवलं, तार लागल्यासारखे धागे बोटाला लागले, तेव्हा गप्प झाला.

पुढचं काम नेहमीचं. शेजारच्या मेकॅनिकनं ड्रम काढून चारही स्टड बदलले, कारण एक खाल्ला तर बाकीच्यांवर भरवसा नाही. स्टेपनीची रिम बाद. दुसरा मागचा टायरही झिजून गोटा होत आलेला, खाचेतल्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलीमीटरपर्यंत. म्हणून दोन नवे, मागच्या बाजूला. "नवे पुढं घाला" असं सगळेच म्हणतात, पण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली की गाडी फिरते आणि ती सावरता येत नाही. लोड इंडेक्स ८८, म्हणजे चाकामागं ५६० किलो, त्याखालचा घ्यायचा नाही. व्हॉल्व्ह नवे, बीडला म्हणजे टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेला पेस्ट, बॅलन्सिंग, हवा ३३ पीएसआय. नट मी हवेच्या गननं शेवटपर्यंत आवळू देत नाही. हातानं, टॉर्क पान्यानं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, १०० न्यूटन मीटर. गननं ताणलेल्या नटामुळं गिऱ्हाईकाचा पाना रस्त्यात हरतो.

अडकलंय ते जुन्या टायरपाशी. काकांनी तो मागितला. "मळ्यातल्या गाड्याला होईल." टायर त्यांचा. मी दोन्ही बाजूंना पिवळ्या खडूनं 'हवा भरू नये' लिहून दिलं. पण खडू पुसतो. जुन्या टायरच्या बाजारात असे टायर पॉलिश मारून विकले जातात, मी पाहिलेत. काही दुकानदार कटरनं बीडची तार तोडूनच देतात, मग तो परत कुठल्याच रिमवर बसत नाही. गिऱ्हाईकानं नको म्हटल्यावर त्याच्या मालकीच्या वस्तूला कटर लावायचा की नाही, यावर दुकानातल्या आम्हा दोघांचं अजून एकमत नाही. तूर्तास बिलावर 'टायर आतून खराब, वापरू नये' लिहितो आणि सही घेतो.