फाइल परत मिळाली, पण तक्रार संपली नाही

वडील गेल्यावर आई आणि मी चुलत्यांविरुद्ध वाटपाचा दावा लावला होता. मूळ खरेदीखत, जुने फेरफार, आजोबांच्या हातची वाटणीची चिठ्ठी, सगळं वकिलांच्या कपाटात. फोन केला की एकच उत्तर यायचं, "पुढची तारीख पडलीय, ताई." शेवटी मीच कोर्टात जाऊन रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्या नोंदीची, नक्कल काढली. लागोपाठ चार तारखांना आमचे वकील गैरहजर होते आणि पाचव्या तारखेला दावा काढून टाकला होता. त्यालाही तीन महिने उलटले होते. दावा पुन्हा फाइलवर घ्यायचा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. आईला हे कसं सांगायचं, या विचाराने रात्रभर झोप लागली नाही.

नवीन वकील करायचे तर सहसा जुन्या वकिलांची एनओसी, म्हणजे ना हरकत, लागते. त्यांचं म्हणणं, आधी राहिलेली फी द्या, मग फाइल आणि एनओसी. नवीन वकीलबाईंनी सांगितलं, फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रं अडवता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच हे स्पष्ट केलंय. फीसाठी वकिलाने वेगळी दाद मागावी. ग्राहक आयोगाचा रस्ताही सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निकालाने बंद झालाय. उरली १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खालची गैरवर्तनाची तक्रार, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त बघणाऱ्या संस्थेकडे.

मला भीती होती ती वेगळीच. कौन्सिलचे सदस्य वकिलांनीच मतं देऊन निवडलेले. ते आपल्याच माणसाविरुद्ध माझं ऐकतील?

आधी रजिस्टर पोस्टाने फाइल मागणारी नोटीस पाठवली आणि पोचपावती जपून ठेवली. मग तक्रार लिहिली. तिला रोजनाम्याची नक्कल, फीच्या पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संदेशांचे प्रिंट जोडले. रागाची वाक्यं वकीलबाईंनी खोडली. "तारखा बोलू देत," म्हणाल्या. ते खरं ठरलं. तक्रारीत तथ्य दिसतंय का, हे कौन्सिल आधी बघतं. तसं वाटलं तरच प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. समितीत तिघे असतात, दोन कौन्सिलचे सदस्य आणि तिसरे बाहेरून घेतलेले वकील. समन्स काढायचे, शपथेवर साक्ष घ्यायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार त्यांना असतात.

समितीची नोटीस गेली आणि आठवड्याभरात वकिलांचा कारकून फाइल घेऊन दारात उभा राहिला. चिठ्ठीसकट सगळे कागद होते. आईने ती चिठ्ठी कितीतरी वेळ हातातच धरून ठेवली. "आता मिटवून घेऊ," असा वकिलांचा निरोप होता. मलाही तेच हवं होतं. मुंबईला फोर्टमध्ये जाऊन मी तक्रार मागे घेत असल्याचा अर्ज दिला.

समितीने तो वाचला आणि सांगितलं की केवळ तेवढ्यावरून चौकशी थांबत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा तसा नियमच आहे, तडजोड झाली, तक्रारदाराने माघार घेतली तरी चौकशी चालते. प्रश्न तुमच्या-त्यांच्या भांडणाचा नाही, वकिलीची सनद घेतलेला माणूस कसा वागला याचा आहे. ऐकताना क्षणभर वाईट वाटलं, पुन्हा सुट्ट्या, पुन्हा एसटीचा प्रवास. पण माझी भीतीही तिथेच गेली. मी दमले होते, समिती दमली नव्हती.

मग साक्ष झाली. उलटतपासणीत विचारलं, फी बाकी होती हे खरं ना? खरं होतं, मी तसंच सांगितलं. रोजनाम्यातल्या चार तारखांना कुठे होतात, याचं उत्तर मात्र वकिलांना देता आलं नाही.

कलम ३५ मध्ये तक्रार फेटाळणं, समज देणं, काही काळ सनद निलंबित करणं आणि नाव कायमचं काढणं, असे मार्ग आहेत. आमच्या प्रकरणात वकिलांना समज दिली. नुकसानभरपाई तिथे मिळत नाही, हे जाणाऱ्याने आधीच ओळखून जावं. निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करता येतं. मी केलं नाही.

तीस दिवस उलटून गेल्याबद्दल कोर्टात केलेल्या विलंब माफीच्या अर्जाला तीच रोजनाम्याची नक्कल जोडली होती. दावा पुन्हा फाइलवर आलाय. आता मूळ कागद घरच्या कपाटात असतात. वकीलबाईंकडे नकला आहेत, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाच्या यादीवर त्यांनी न मागता सही करून दिली.